परतीच्या पक्ष्यांच्या नोंदी: निघायची तयारी कुठे कुठे दिसतेय?

पाणथळ (नाशिक) | १४ फेब्रुवारी

मंडळी,
ऑक्टोबर उजाडला की इथे "पहिला धोबी दिसला!" असा धागा निघतो आणि प्रतिसादांचा पाऊस पडतो. तेच धोबी पक्षी मार्च-एप्रिलमध्ये चालते होतात तेव्हा मात्र कुणाला पत्ता नसतो. मेमध्ये कधीतरी कुणीतरी विचारतं, "अरे, तळ्यावरची बदकं गेली कधी?" आणि सगळे एकमेकांची तोंडं बघतात. यंदा आधीपासूनच नजर ठेवू या, म्हणून हा धागा.

युरोपात वसंत म्हणजे पक्षी परत यायचे दिवस. आपण त्यांच्या हिवाळी मुक्कामाचं गाव, त्यामुळे आपल्याकडे वसंताची पहिली चाहूल म्हणजे पाहुण्यांची सामानाची बांधाबांध. ती फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होते आणि लक्ष असेल तर घरच्या गच्चीवरूनही कळते.

धोब्याचंच घ्या. हिवाळाभर त्याची हनुवटी पांढरी आणि छातीवर तेवढी काळी चंद्रकोर. आत्ता दुर्बिणीतून नीट बघा, चंद्रकोरीच्या वरच्या पांढऱ्यात काळे ठिपके उगवायला लागलेत. मार्चमध्ये ते एकमेकांना मिळतात आणि हनुवटीपासून छातीपर्यंत सगळं काळं कुळकुळीत होतं. गडी असा नटला की समजायचं, आता फार दिवस राहत नाही. आपल्याकडच्या एका नेहमीच्या उपजातीला कर्नल साइक्सने १८३२ मध्ये 'डुखुनेन्सिस' असं दख्खनवरून नाव दिलं. नाव दख्खनी, जन्म सायबेरियाकडचा!

नांदूर मध्यमेश्वरला, म्हणजे गोदावरी-कादवेच्या बंधाऱ्यावर, चापडगावच्या मनोऱ्यावरून दुसरी खूण दिसते. डिसेंबरात थापट्या, तलवार बदक, भुवई बदक पाण्यावर पसरलेले असतात आणि दुपारी मान पाठीवर टाकून झोपतात. आता उन्हं उतरली की थवे उगाचच उठतात, एकदोन चकरा मारतात, पुन्हा बसतात. नर माना खालीवर करत माद्यांभोवती फिरताना दिसतात. जोड्या इथेच जमतात, संसार तिकडे.

नोंद टाकताना जागा, तारीख आणि अंदाजे संख्या द्या. आणि एक विनंती, न दिसल्याचीही नोंद करा. पहिला पक्षी दिसला की त्याच क्षणी कळतं. शेवटचा कोणता होता हे मात्र पुढे तो दिसेनासा झाल्यावरच कळतं. "गेलो होतो, धोबी नाही" ही एक ओळसुद्धा लाखमोलाची आहे.

खाडीकाठ (अलिबाग) | १५ फेब्रुवारी

झकास. माझी नोंद बोटीवरची. मांडव्याच्या बोटीमागे कुरव (समुद्रपक्षी) लागतात ते सगळ्यांनी पाहिलेत. लोक वेफर उडवतात, पोरं किंचाळतात. (वेफर नका हो देऊ. पण ते वेगळं भांडण, त्याचा वेगळा धागा काढू.) जानेवारीपर्यंत सगळ्यांची डोकी पांढरी, डोळ्यामागे तेवढा एक काळा ठिपका. काल एकाच थव्यात तीन तऱ्हा दिसल्या. बरेचसे पांढरेच, काहींच्या तोंडावर करडे डाग, आणि एक-दोघांनी तर पुरती चॉकलेटी टोपी चढवलेली. मार्चच्या शेवटाला ही टोपी बहुतेकांच्या डोक्यावर येते. मग बघता बघता बोटीमागची गर्दी ओसरते.

त्यात दोन जाती मिसळलेल्या असतात, काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकंही तपकिरीच होतं, तेव्हा नावावर जाऊ नका. बोट धक्क्याला लागली की जवळ बसलेल्याचा डोळा बघा. डोळा पांढुरका आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरा डाग असेल तर तो तपकिरी डोक्याचा. हा लडाख-तिबेटच्या तळ्यांकडे जाणार. दुसऱ्याचा डोळा काळपट, त्याचा पल्ला मध्य आशियापासून युरोपपर्यंत कुठेही.

चाळकरी (गिरगाव) | १५ फेब्रुवारी

छान धागा, वाचनखूण साठवली. माझीही नोंद घ्या. परवा पहाटे आमच्या चाळीमागे कोकीळ आला. वसंत सुरू!

किडामुंगी (औरंगाबाद) | १५ फेब्रुवारी

चाळकरी, कोकीळ कुठे गेलाच नव्हता हो. हिवाळाभर तो तुमच्याच मागच्या वडा-पिंपळावर बसून फळं खात होता, फक्त तोंड बंद ठेवून. कावळ्यांची घरटी बांधायची वेळ जवळ आली की त्याला कंठ फुटतो, कारण त्याची अंडी उबवायची सोय तिथे लागते.

चाळकरी (गिरगाव) | १५ फेब्रुवारी

म्हणजे माझी नोंद बाद?

पाणथळ (नाशिक) | १६ फेब्रुवारी

बाद कशाला? "पहिली हाक" अशा वेगळ्या रकान्यात टाकतो. पावशाही त्याच रकान्यात येईल. तो "पेरते व्हा" जूनमध्ये सांगतो असं आपण धरून चालतो, पण मार्च-एप्रिलपासूनच ओरडायला लागतो.

गोफणगुंडा (मंगळवेढा) | १९ फेब्रुवारी

राम राम. तुम्ही सगळी दुर्बीणवाली माणसं, मी ज्वारीवाला. आमच्याकडं परतीची खूण हुडकायला लागत नाही, ती पिकात येऊन बसते. भोरड्या! पुस्तकात गुलाबी मैना लिहित्यात. येत्यात त्या श्रावण-भादव्यातच, पण खरा दंगा मालदांडी ज्वारी दाण्यात आली की. तांबडं फुटायला बाभळीवरनं थवा उठतो, रानावरनं एक गिरकी घेतो आणि अख्खा पट्टा एका दमात खाली बसतो. माळ्यावर उभं राहून डबा बडवायचा, गोफण फिरवायची. ह्या कोपऱ्यातनं हाकललं की त्या कोपऱ्यात. कणसाच्या शेंड्याचं दाणं पहिल्यांदा जात्यात, ताटाला धक्काबी लागत नाही.

आता तुमच्या कामाचं सांगतो. दिवाळीच्या टायमाला ही पाखरं मळकट असत्यात, शहरातली पोरं साळुंकीच म्हणत्यात. आत्ता बघा. पाठपोट गुलाबी, डोकं आणि पंख काळं चकचकीत, मानंवर तुरा, चोचसुद्धा गुलाबी व्हायला लागलीय. काढणी उरकली की रानातनं उठून पळस, पांगारा, काटेसावर जिथं फूल दिसंल तिथं पडत्यात. म्हातारी माणसं पळसमैना म्हणत्यात ती उगाच नव्हं. पाडव्यानंतर बारकं बारकं थवं एकात एक मिसळून मोठं हुत्यात, संध्याकाळी आभाळात वळणं घेत्यात, आणि चैत्र सरता सरता एक दिवस रान मोकळं.

संख्या विचारू नका. मोजत बसलो तर कणसं कोण राखणार?

किडामुंगी (औरंगाबाद) | १९ फेब्रुवारी

गोफणगुंडा दादा, कडक नोंद. यात एक गंमत आहे. धोब्याच्या गळ्यावर नवी पिसं येतात, भोरडीचं तसं नाही. तिची मळकट पिसं झिजून रंग उघडा पडतो. पिसांची टोकं करडी असतात, खालचा भाग गुलाबी. हिवाळाभर काट्याकुट्यात वावरून टोकं झडली की आतला रंग वर येतो.

आणि ज्या पाखराला तुम्ही गोफण दाखवता त्याच्यासाठी पश्चिम चीनमधल्या शिनजियांगात घरं बांधून देतात. उन्हाळ्यात ती तिकडे आणि कझाकस्तानात पिल्लं काढते आणि टोळ-नाकतोड्यांचा फडशा पाडते. कुरणांवरची टोळधाड आटोक्यात राहावी म्हणून १९८० च्या दशकापासून तिथे दगड-विटांचे ढीग रचून त्यांना घरट्यांच्या जागा करून दिल्या.

गोफणगुंडा (मंगळवेढा) | २० फेब्रुवारी

नाकतोडं हितंबी खात्यात, ते मी नाकारत नाही. पण चीनवाल्यांना माझा निरोप सांगा, एवढं कौतुक आहे तर दोन म्हैने जास्त ठिवून घ्या.

मायनकाठ (फ्रँकफुर्ट) | २७ फेब्रुवारी

पाणथळकाका, विषय जिव्हाळ्याचा काढलात. मी मूळची पुण्याची, इथे नोकरीला. काल रात्री भांडी घासताना वरून आवाज आला. खिडकी उघडली तर अंधारात काही दिसेना, पण डोक्यावरून कर्णे वाजवत वरात चालली आहे हे नक्की. क्रौंच! फेब्रुवारीच्या शेवटी जरा ऊब आली आणि पाठीवर वारा मिळाला की स्पेन-फ्रान्सकडून हे करकोचे बाल्टिक आणि स्वीडनच्या दिशेने निघतात. त्यांचा रस्ता म्हणजे आकाशातला एक अरुंद पट्टा, आणि आमचं हेसेन राज्य बरोबर त्याच्या खाली येतं.

इथल्या लोकांचं बघून मला नवल वाटतं. एरवी लिफ्टमध्ये शेजाऱ्याशी न बोलणारी माणसं या दिवसांत "ऐकलेत का रात्री?" असं आपणहून विचारतात. आज ऑफिसात चालू मीटिंगमध्ये एकीने खिडकीकडे बोट केलं आणि सगळे उठून काचेपाशी गेले. बाणाच्या आकाराचा थवा, मग तो विस्कटला, एकाच जागी गोल गोल फिरत उंच चढला आणि पुन्हा बाण होऊन पुढे सरकला. रात्री आईला फोनवर आवाज ऐकवला तर म्हणाली, "अगं, कुत्री का भुंकतायत एवढी?"

इथले जुने पक्षीमित्र सांगतात की पूर्वी बहुतेक सगळे स्पेनपर्यंत जायचे. आता पुष्कळसे फ्रान्समध्येच थांबतात आणि काही तर जर्मनीतच हिवाळा काढतात. जवळ राहिलेले अर्थातच लवकर परततात.

मीटर_डाऊन (ठाणे) | ६ मार्च

तेच तर! हवामानबदल. आपल्याकडेही सगळं पुढे सरकलंय. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत धोबी एप्रिलपर्यंत होता, यंदा मार्च लागला आणि गायब. आणखी पुरावा काय हवा?

आकडेमोड (पुणे) | ६ मार्च

आणखी बराच हवा.

एका सोसायटीतला एक धोबी, दोन वर्षं. यंदा तिथे माळीकाकांनी हिरवळ वाढू दिली असेल, मांजर आलं असेल, तोच धोबी पलीकडच्या गच्चीवर असेल. शिवाय "पहिला" आणि "शेवटचा" या दोन्ही तारखा फार लबाड असतात. बघणारे वाढले की पहिली तारीख आपोआप अलीकडे येते आणि शेवटची पलीकडे जाते. पक्ष्यांनी काही बदललेलं नसतं, डोळे वाढलेले असतात. आपल्या देशात २००७ मध्ये मायग्रंटवॉच हा स्थलांतरी पक्ष्यांच्या नोंदींचा उपक्रम सुरू झाला तेव्हा लोकांकडून मुख्यतः पहिल्या-शेवटच्या दिसण्याच्याच तारखा मागवत. आता ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी टाकायची पद्धत रुळली आहे. अर्धा तास बसलो, दिसलं-ऐकलं ते सगळं लिहिलं. अशा शंभर याद्यांपैकी किती याद्यांत धोबी आहे, हे आठवड्याआठवड्याने बघायचं. फेब्रुवारीत निम्म्या याद्यांत असला आणि एप्रिलमध्ये जेमतेम दोनचारांत राहिला (आकडे समजण्यापुरते), तर ती उतरण खरी. तिच्यावरून वर्षांची तुलना करता येते. पाणथळ यांनी शून्याची नोंद मागितली आहे ती याचसाठी. कृपया तो मुद्दा कुणी वगळू नका.

हवामानबदल खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. युरोपात बरेच पक्षी खरोखरच लवकर पोचायला लागलेत. नेदरलँड्समध्ये तर त्याने पंचाईत केली. पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढणारा एक काळापांढरा माशीमार आहे. नेदरलँड्समधल्या ओकच्या झाडांवर अळ्या आता लवकर होतात, पण याला आफ्रिकेत बसून ते कळत नाही. तो जवळपास जुन्याच वेळेला पोचतो, पिल्लं बाहेर येईपर्यंत अळ्यांचा भर ओसरलेला असतो. जिथे अळ्या फार लवकर यायला लागल्या तिथली त्याची संख्या कोसळली.

सुपारी (गुहागर) | ८ मार्च

आकडेमोड सर, मग प्रश्न असा की त्यांना कळतं तरी कसं? आमच्या किनाऱ्यावर हिवाळाभर मातकट दिसणारे छोटे चिखल्या पक्षी आता छातीवर विटकरी पट्टा मिरवायला लागलेत. ओहोटीला ओल्या वाळूवर तुरुतुरु पळतात, मधेच थबकून किडा उपसतात, आणि सध्या दिवसभर नुसते खात सुटलेत. इथे कोकणात उकाड्याने जीव चाललाय. तिकडे बर्फ वितळतंय ही बातमी त्यांना कोण देतं?

आकडेमोड (पुणे) | ८ मार्च

बातमी कुणीच देत नाही. दिवसाची लांबी. कॅनडात एडमंटनला विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात जंको नावाच्या चिमण्यांएवढ्या पक्ष्यांवर प्रयोग केले. कडाक्याच्या थंडीत उघड्या पिंजऱ्यात ठेवून त्यांना रोज थोडा थोडा जास्त वेळ दिव्याचा उजेड दिला. बाहेर हाडं गोठवणारा हिवाळा, पण पक्ष्यांची शरीरं विणीला तयार व्हायला लागली. थंडी-उकाड्यापेक्षा उजेडाचा हिशोब मोठा.

आपल्याकडे हा फरक थोडाच असतो. पुण्यात १ फेब्रुवारी ते ३१ मार्च दिवस जेमतेम तासाभराने वाढतो. तेवढा पुरतो. शिवाय आतलं घड्याळ असतंच. बारा महिने एकसारख्या उजेडात ठेवलेले काही जातींचे पक्षीसुद्धा साधारण त्याच सुमारास बेचैन होतात. पिंजऱ्यातला स्थलांतरी पक्षी त्या दिवसांत रात्रीचा झोपत नाही, फडफडत राहतो, आणि जिकडे जायचं त्याच बाजूच्या दांडीवर पुन्हा पुन्हा जाऊन बसतो.

तुमचे चिखल्या खात सुटलेत ते बरोबरच. चरबी साठवल्याशिवाय एवढा पल्ला निघत नाही. किनाऱ्यावर थव्याच्या मागे गाडी किंवा कुत्री पळवू नका असं या दिवसांत पर्यटकांना आवर्जून सांगा. एकेक उडवणी त्यांना महागात पडते. आणि कुणाच्या पायात रंगीत झेंडी किंवा कडं दिसलं तर रंग, पाय डावा की उजवा आणि जमल्यास फोटो, एवढं बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.

बोरीचं_झुडूप (पुणे) | २१ मार्च

मी कानाने नोंदी करते, कारण माझा पाहुणा दिसतच नाही. ब्लिथचा बोरू वटवट्या. नाव मोठं, पक्षी चिमणीहून लहान, रंग मातीचा. ऑक्टोबरपासून आमच्या कुंपणाच्या मेंदीत बसून दिवसभर "चक्... चक्..." करतो. पुण्या-मुंबईतल्या बहुतेक बागांत असतो आणि बहुतेकांना तो किडा वाटतो.

तर या चक्-चक् करणाऱ्याने आता गायला सुरुवात केली आहे. मोठ्याने नाही, चोच जवळजवळ मिटून, स्वतःशीच. कान देऊन ऐकलं तर त्यात दुसऱ्यांच्या नकला सापडतात. परवा एक तुकडा शिंपी पक्ष्याचा, मग एक बुलबुलाचा, मग पुन्हा चक्. फोनवरचं पक्ष्यांचे आवाज ओळखणारं मर्लिन अॅप लावलं तर त्याने आधी दुसरीच नावं दाखवली, मग वटवट्यावर आलं. त्या अॅपवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, पण कान तयार करायला बरं आहे. हा फिनलंडपासून सायबेरियापर्यंत कुठेही जाणारा. एप्रिलच्या शेवटापर्यंत रेंगाळतो, त्यामुळे धोबी गेला म्हणून धागा बंद करू नका.

मुठेकाठच्या लव्हाळ्यात शंकर नावाचा पक्षीही दिसला. जानेवारीत गळ्यावर निळ्याचे नुसते तुकडे होते, आता निळा गळा आणि मधे तांबूस ठिपका, अगदी भरलेला. दर्शन मात्र नेहमीसारखं क्षणभरच, शेपटी वर करून लव्हाळ्यात गडप.

करमळीकर (गोवा) | २३ मार्च

करमळीचं तळं. तलवार बदक शून्य, भुवई बदक शून्य, थापट्या मोजून चार. अडया (याही बदकंच) भरपूर, पण त्या इथल्याच. शून्ये मुद्दाम लिहिली आहेत.

आकडेमोड (पुणे) | २३ मार्च

करमळीकर, जियो!

उंचावरून (लेह) | ७ एप्रिल

सातारकर आहे, सध्या कामानिमित्त लेहला. इथून उलटी नोंद देतो, चालेल ना? शे गावाजवळ सिंधूच्या पाणथळीत चक्रवाक मार्चमध्येच दिसायला लागले. आणि काल त्सो करला गेलो होतो. साडेचार हजार मीटरवरचं खारं तळं, मधला भाग अजून गोठलेला, वारा असा की दुर्बीण धरलेल्या बोटांना संवेदना नाही. कडेला जिथे बर्फ सुटलंय तिथल्या पाण्यात पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस! राखाडी अंग, पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तुमच्याकडे हरभऱ्यात चरणारे ते हेच का, हे सांगता येणार नाही. काही मंगोलियाकडे जातात, काही तिबेटात. पण नाथसागर-उजनीच्या रकान्यात शून्य पडायला लागलं आणि माझ्या रकान्यात आकडा आला, एवढं खरं.

इथे येणारा प्रत्येक पाहुणा "हे एव्हरेस्टवरून उडतात" असं ऐकवतो. ट्रान्समीटर लावून घेतलेल्या नोंदींत त्यांची सर्वांत जास्त उंची सुमारे ७,२९० मीटर भरली, आणि बहुतेक प्रवास ६,००० च्या खालीच. दऱ्याखोऱ्यांतून जमिनीच्या चढउताराबरोबर वरखाली होत जातात. कमावलेली उंची सोडून देऊन पुन्हा चढायचं, हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं. पण खालची हवा दाट असते, पंखांना धरायला काहीतरी मिळतं, म्हणून एकूण हिशोबात ते स्वस्त पडतं. रात्री आणि पहाटे उडतात तेही त्यासाठीच, गार हवा जड. मी इथे एक जिना चढलो की पायरीवर बसतो, त्यामुळे ६,००० सुद्धा मला पुष्कळ वाटतात.

जुनी_वही (सांगली) | ८ एप्रिल

वा, त्सो करचं वर्णन फार आवडलं. एक शंका. जुन्या संस्कृत काव्यांत राजहंस पावसाळ्याच्या तोंडावर, मेघ दिसले की मानसरोवराकडे निघतात. तुम्ही सगळे तर म्हणताय की मार्च-एप्रिलमध्येच रान मोकळं. मग कवींचं चुकलं का?

किडामुंगी (औरंगाबाद) | ८ एप्रिल

मे संपेपर्यंत महाराष्ट्रात पट्टकादंब टिकून राहणं कठीणच. आता तो काव्यातला हंस म्हणजे नेमका कोणता पक्षी यावर विद्वान भांडत आलेत, तेव्हा आपण कशाला मधे पडा? पण जूनच्या ढगांबरोबर घर हलवणारा मोठा, पांढरा-गुलाबी पक्षी आपल्याकडे आहे. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो.

बॅकवॉटर (कुंभारगाव) | १८ एप्रिल

रोहितांचं नाव निघालं म्हणून लिहितो. उजनीवर आमची होडी असते. पट्टकादंब नाही. कुरव मागच्या आठवड्यात पाचसात होते, आज नाही. भोरड्या कालच्या संध्याकाळी एकच बारका थवा. रोहित आहेत आणि चांगले आहेत. धरणाचं पाणी जसं उतरतं तसा उथळ गाळ उघडा पडतो, रोहितांना तेच हवं. त्यामुळे आता बघायला येणाऱ्यांनी पहाटे या, दहानंतर ऊन सोसवत नाही. आणि होडी जवळ न्यायचा आग्रह करू नका. उडवून फोटो काढणारे गिऱ्हाईक आम्ही घेत नाही.

खाडीकाठ (अलिबाग) | १८ एप्रिल

कुंभारगावच्या दादांना सलाम, हे सगळ्या होडीवाल्यांनी ठरवायला हवं.

ठाणे खाडीतले रोहितही अजून इथेच आहेत, मे अखेरपर्यंत राहतील. बीएनएचएसने २०२२ मध्ये सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाचे ट्रान्समीटर लावले होते, त्यातून त्यांचं खाडी ते गुजरात जाणं नकाशावर दिसलं. कच्छचं रण पावसाने भरलं की तिथे वीण. म्हणजे त्यांची तारीख ठरते ती पावसावर. जायच्या दिवसांत ते अंधार पडल्यावर मोठ्या थव्यांनी हलतात, शहराच्या दिव्यांतून आणि विमानांच्या वाटेवरून. मे २०२४ मध्ये घाटकोपरला एका विमानाला थवा धडकून ३९ रोहित मेले, ते आठवत असेल. पाणथळी बुजवत जायचं आणि मग पक्षी भलत्या वाटेने का उडतात असं विचारायचं, हे काही पटत नाही.

चाळकरी (गिरगाव) | २० एप्रिल

सर्व जाणकारांनी उठून उभं राहावं. आज सकाळी गच्चीच्या टाकीवर धोबी! गळा काळा कुळकुळीत. २० एप्रिल! आकडेमोड सर, लिहून घ्या.

पाणथळ (नाशिक) | २० एप्रिल

पाठ कशी होती? राखाडी की काळी? आणि डोळ्यावर पांढरी भुवई होती का? आणखी एक, गात होता का?

चाळकरी (गिरगाव) | २० एप्रिल

पाठ काळी. भुवई ठसठशीत पांढरी. गात होता आणि काय सुंदर गात होता. ...का?

पाणथळ (नाशिक) | २० एप्रिल

कवड्या धोबी. बारमाही, इथलाच रहिवासी, कुठे येत नाही आणि कुठे जात नाही. पाहुण्या धोब्याचा चेहरा पांढरा आणि पाठ राखाडी असते. याचं सगळं डोकं काळं आणि फक्त भुवई पांढरी.

गोफणगुंडा (मंगळवेढा) | २१ एप्रिल

चाळकरी भाऊ, मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडं तर पाहुण्यांपेक्षा रहिवाशांनीच जास्त नुकसान केलंय. बाकी कळवायचं म्हणजे भोरडी पार गेली. चार दिवस झालं एकबी नाही. सरांच्या रकान्यात शून्य घाला. गोफण आढ्याला टांगली.

चाळकरी (गिरगाव) | २१ एप्रिल

मी तिसऱ्यांदा प्रयत्न करणार आहे. मला फक्त सांगा, हे सगळे परत कधी येणार? थेट ऑक्टोबरला भेटायचं का?

पाणथळ (नाशिक) | २२ एप्रिल

ऑक्टोबर कशाला? हिरवा तुतवार हा पाणकाठचा पक्षी जुलैअखेर-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हजर असतो, भर पावसात. उत्तरेत त्याचा संसार फार थोडक्यात आटोपतो. बऱ्याचदा मादी तर पिल्लं पुरती मोठी व्हायच्या आधीच ती नराच्या भरवशावर टाकून दक्षिणेला निघते. गोफणगुंडांच्या भोरड्याही त्याच सुमारास परतायला लागतात. म्हणजे आपण "गेले गेले" म्हणतोय ते काही जातींच्या बाबतीत जेमतेम तीन महिन्यांसाठी. रेनकोट घालून साचलेल्या डबक्यांच्या कडेला बघा. तुतवार एकटाच असतो, अंगाचा मागचा भाग सारखा वरखाली हलवतो, आणि उडाला की पाठीमागे पांढरा चौकोन चमकतो.

चाळकरी (गिरगाव) | २२ एप्रिल

जुलैत आणि डबकी? मग जगातली सर्वोत्तम पाणथळ आमच्या गल्लीतच आहे!

किडामुंगी (औरंगाबाद) | २२ एप्रिल

गल्लीत दिसला तर फोटोशिवाय नोंद घेतली जाणार नाही.